पूर्वेस पांदण

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या नोंदणी कचेरीत तुमचं टोकन लागायला अजून वेळ आहे. मे महिना. बाहेर कडुनिंबाखाली लावलेल्या स्कूटरच्या सीटला हात लावणं कठीण, आणि आत कूलरचा ओलसर झोत पहिल्या दोन बाकांच्या पुढे येत नाही. तुमच्या मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर आहे. त्यात विक्रीपत्र, आखीव पत्रिका, प्लॉट नियमित झाल्याचं आरएल लेटर आणि दोन साक्षीदारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आहेत. समजा, मौजा मानेवाडा इथला एक प्लॉट आहे, दीड हजार चौरस फुटांचा. पंचवीस वर्षांच्या नोकरीत जे साठलं ते सगळं या फोल्डरमध्ये आहे.

"काका, हा डेटा एंट्रीचा कागद वाचून घ्या अन् खाली सही करा."

ऑपरेटर पोरगा चांगला आहे, पण तुमच्यामागे अकरा माणसं उभी आहेत. तुम्ही पेन काढता. कागदावर नाव, रक्कम, क्षेत्रफळ आणि शेवटी चार ओळी: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. चतुःसीमा कोण वाचतो? नजर तिच्यावरून घसरते आणि विक्रीपत्रातल्या एका वाक्यावर थांबते. सदर मिळकत लिहून देणार यांच्या वडिलांच्या नावे अमुक क्रमांकाच्या नोंदणीकृत दस्ताने झाली होती. वकील म्हणाले होते, तीस वर्षांचा सर्च घेतलाय, काळजी करू नका. तीस वर्षांच्या आधी काय होतं, हे तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही त्या क्रमांकावर बोट ठेवता. प्रत्येक दस्तात आधीच्या दस्ताचा पत्ता असतो. त्या पायऱ्या धरून खाली उतरता येतं.

उतरा.

2003. भिंतीचा रंग वेगळा आहे, बाक तेच. टेबलावर जाडजूड मॉनिटर, त्यावर 'सरिता' हे नाव. नोंदणी खात्याची ही संगणक प्रणाली राज्यात नुकतीच, 2002 पासून, आली आहे. तुमच्या विक्रेत्याचे वडील कॅमेऱ्यासमोर ताठ बसले आहेत. दस्तावर घेणाऱ्या-देणाऱ्याचे फोटो आणि बोटांचे ठसे हवेत, हे कलम 2001 च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. डाव्या अंगठ्याला शाई लागते, ठसा उठतो, आणि तो माणूस अंगठा पुसत नाही. बराच वेळ बघत राहतो. त्याच्या खिशात दुसरा एक कागद आहे, घड्यांवर फाटलेला. आजची नोंदणी त्याला जितकी मोठी वाटते तितकी का वाटते, हे त्या कागदावर लिहिलेलं आहे.

त्या कागदाचं साल 1984. ही कचेरी नाही, शेत आहे. तुरीच्या खुंटांवरून चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. रेघांच्या पूर्व टोकाला बैलगाडीची पांदण आहे, दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. सोसायटीचा माणूस झाडाच्या सावलीत टेबल टाकून बसला आहे. "रजिस्ट्रीचं पाहू नं नंतर. ताबा तर तुमचाच आहे." शंभराचा स्टॅम्प, ईसारपत्र, मुखत्यारपत्र, ताबापत्र. त्या माणसाचे पैसे जातात आणि हातात तीन कागद येतात. त्या कागदांनी तो मालक होत नाही, हे त्याला कुणी सांगत नाही.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा. त्याचं 54 वं कलम सांगतं की शंभर रुपये आणि त्यापुढच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. शंभर रुपये 1882 मध्ये किती होते आणि 1984 मध्ये किती उरले, याचा हिशेब कुणीही करावा. आकडा मात्र बदललेला नाही, आजही तोच आहे. त्या सावलीतल्या टेबलावर जे झालं ते कायद्याने विक्री नव्हतंच. 2011 मध्ये, 11 ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालय 'सूरज लॅम्प' खटल्यात पुन्हा स्पष्ट सांगेल की ईसारपत्र, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने घर-जमीन हस्तांतरित होत नाही. तोवर नागपूरच्या दक्षिणेला वस्त्याच्या वस्त्या अशा कागदांवर उभ्या राहिलेल्या असतील. त्या लोकांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांना घर हवं होतं आणि पगार तुटपुंजा होता. गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला, तेव्हा कुठे अशा प्लॉटांना नियमित होण्याची वाट मिळाली. ते अंगठ्याकडे बघत बसणं त्या एकोणीस वर्षांचं होतं.

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण वर कचेरीत ती तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपल्याकडे नोंदला जातो तो दस्त. मालकी नोंदली जात नाही. विकणाऱ्याकडे विकण्याजोगं काही होतं का, याची हमी नोंदणीमुळे मिळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने 1858 मध्ये दुसरी पद्धत आणली. तिथे सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपण त्या वाटेने गेलो नाही. आपल्याकडे सरकार इतकंच म्हणतं की अमक्याने अमक्याला असं लिहून दिलं, आणि ते लिहून दिल्याचं त्याने आमच्यासमोर कबूल केलं. म्हणून तर पायऱ्या उतरायच्या.

1951. या पायरीवर फार थांबू नका. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी आहे. 31 मार्चला मालगुजारी, म्हणजे सारा भरणाऱ्यांची गावांवरची मालकी, संपली. 1950 च्या कायद्याने गावंच्या गावं सरकारात जमा झाली, मालगुजाराकडे घरची शेती राहिली, आणि पुष्कळ कास्तकारांना पैसे भरून मलिक-मकबुजा, म्हणजे आपल्या जमिनीचे मालक, होता आलं. इतकी मोठी उलथापालथ झाली आणि तिला एकाही खरेदीखताची गरज पडली नाही. जे कायद्यानेच सरकारात जमा होतं त्याला दुय्यम निबंधकाकडे रांग लावावी लागत नाही. मानेवाड्याचं ते शेत घरच्या शेतीत राहिलं, म्हणून तुमची साखळी शाबूत आहे.

1934. इथे मात्र बसा.

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यासमोर टांगा थांबतो. निबंधक साहेब उतरतात. त्यांच्यामागे कारकून आहे, त्याच्या हातात लाकडी पेटी, पेटीत शाई, टाक आणि ठशाची पाटी. अंमलात असलेला नोंदणी कायदा 1908 चा, 1 जानेवारी 1909 पासून लागू झालेला. तुमच्या फोल्डरमधला दस्तही त्याच कायद्याखाली आहे. त्यातलं एक कलम सांगतं की विशेष कारण असेल तर अधिकाऱ्याने घरी जावं. दुसरं सांगतं की आजारी, तुरुंगात असलेल्या किंवा पडद्यातल्या व्यक्तीला कचेरीत ओढू नये. आतल्या दालनात पडदा आहे. पडद्यामागे मालगुजाराची विधवा बसली आहे. ती त्या शेताचं गहाणखत लिहून देते आहे.

साहेब दोन ओळखदारांना विचारतात, आत बसलेली बाई तीच का? मग पडद्याकडे तोंड करून सावकाश बोलतात.

"बाईसाहेब, कागद वाचून दाखवला?"

"दाखवला."

"खालची सही तुमचीच?"

"माझीच."

"रुपये पावले?"

पडद्यामागे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. "निम्मे पावले," आवाज येतो.

कारकुनाचा टाक थांबतो. सावकाराचा मुनीम घसा खाकरतो. कागदात पूर्ण रक्कम पावली असं लिहिलं आहे. साहेब मुनिमाकडे बघतात. मुनीम बाहेर जातो, पिशवी घेऊन येतो, सतरंजीवर रुपये मोजले जातात, आणि साहेब कागदाच्या पाठीवर लिहितात की इतकी रक्कम माझ्यासमोर दिली गेली. समोर दिलेल्या पैशांचा शेरा मारणं हे कायद्याने त्यांच्यावर सोपवलेलं काम आहे. एरवी त्या शेऱ्यांकडे कुणी बघत नाही. पण त्या बाईच्या घरात त्या दिवशी सरकार म्हणून जे कोणी आलं होतं, ते त्या शेऱ्यापुरतं तिच्या बाजूने उभं राहिलं. मला हा कायदा आवडतो तो अशा जागी.

सगळीकडे तो तसा वागला असं नाही. प्रांतात कर्जाने गावं बुडत होती. इतकी, की आदल्याच वर्षी, 1933 मध्ये, मध्य प्रांताला कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला होता.

टांग्यामागून कचेरीत या. गहाणखत आता नकलनवीसाच्या उतरत्या मेजावर आहे. त्याच्यासमोर पुस्तक क्रमांक 1. कायद्याने पाच पुस्तकं ठरवून दिली आहेत. पहिल्यात स्थावर मिळकतीचे दस्त, दुसऱ्यात नोंदणी नाकारली तर तिची कारणं, तिसऱ्यात मृत्युपत्रं, चौथ्यात किरकोळ दस्त, पाचव्यात सीलबंद ठेव म्हणून दिलेल्या मृत्युपत्रांची नोंद. नकलनवीस शब्दाला शब्द उतरवतो. खोडलं तर खोडल्याचं लिहितो, ओळींमध्ये शब्द घातला तर तेही लिहितो. नंतर एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा नकलेवरून बोट फिरवतो. त्याचं बोट एका ओळीवर येतं आणि तुम्हाला ती ऐकू येते:

"पूर्वेस पांदण, पश्चिमेस नाला."

दाराशी एक शेतकरी उभा आहे. डोक्याला पागोटं, पायात धुळीने माखलेल्या वहाणा. त्याचं या गहाणखताशी काही नातं नाही. त्याला मानेवाड्याकडे थोडी जमीन घ्यायची आहे, आणि कुणीतरी त्याला हेच शेत स्वस्तात दाखवलं आहे. तो ठरलेली फी भरतो आणि म्हणतो, सूची बघायची. कारकून कोण-कुठला विचारत नाही. विचारायचा त्याला हक्कच नाही. पहिलं पुस्तक, दुसरं पुस्तक आणि पहिल्या पुस्तकाच्या सूच्या जो कोणी मागेल त्याला दाखवायच्या, असं 57 वं कलम सांगतं. सूची दोन प्रकारची: एक माणसांच्या नावांनी लावलेली, दुसरी गावांनी आणि मिळकतींनी. आज तुम्ही ज्याला 'इंडेक्स टू' म्हणता ती ही दुसरी. शेतकऱ्याला वाचता येत नाही. शेजारी बसलेला अर्जनवीस त्याला वाचून दाखवतो. ओळ सापडते: शेत गहाण आहे. शेतकरी मान हलवतो, वहाणा झटकतो आणि निघून जातो. त्याने कुणाला काही विचारलं नाही, कुणाच्या पाया पडला नाही, पाटलाची मर्जी राखली नाही. त्याचे पैसे वाचले.

1929 मध्ये मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि रीतसर नोंदलेला दस्त ही नंतर घेणाऱ्या प्रत्येकाला मिळालेली सूचना ठरली. तेव्हापासून 'मला माहीत नव्हतं' हे म्हणणं चालेनासं झालं. वही उघडी आहे, तुम्ही बघायला हवी होती. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यावर हे ओझं जड होतं, हेही खरंच. पण वही उघडी नसती तर ओझं उचलायची सोयही नसती.

खाली चला. 1877.

नागपुरात रेल्वे येऊन दहा वर्षं झाली. वर्षाच्या पहिल्याच दिवशी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आहे. त्या विधवेच्या सासऱ्याचे वडील कचेरीच्या ओसरीवर उकिडवे बसले आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव होता. युद्ध 1865 मध्ये संपलं आणि भाव उतरला. वाढवलेला खर्च मात्र उतरला नाही. म्हणून कर्ज. हा माणूस भोसल्यांच्या काळात गावचा पाटील होता, सारा गोळा करून भरणारा. इंग्रजांच्या 1860 च्या दशकातल्या बंदोबस्ताने त्याला गावाचा मालक केलं. मालक झाला म्हणून त्याला गाव गहाण टाकता येऊ लागलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदाने आल्या.

सावकार पूर्वी घरच्या वहीवर भागवायचा. आता तो म्हणतो, "सरकारी वहीत घालू." कारण त्याला ठाऊक आहे की शंभर रुपयांवरच्या स्थावराचा न नोंदलेला कागद कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. बंगालमध्ये कंपनी सरकारने 1793 मध्ये नोंदणी सुरू केली, मुंबई इलाख्यात 1802 मध्ये. पण ती मर्जीची होती. सक्ती आली 1864 च्या 16 व्या कायद्याने. मग 1866, 1871 आणि आता 1877, असे तेरा वर्षांत चार कायदे. बनावट दस्त, मागच्या तारखा घातलेले दस्त, मेलेल्या माणसाच्या नावाचे दस्त यांनी न्यायालयं जेरीला आली होती. जो कागद त्याच वेळी तिऱ्हाइताच्या वहीत उतरला, त्याची तारीख नंतर मागे सरकवता येत नाही.

कागद मोडीत आहे. अक्षरं एका दमात, टाक न उचलता. लिहून देणाऱ्याला लिहिता येत नाही. खाली तो नांगर काढतो, पाटलाची निशाणी, त्याच्या बापाने काढली तशी. ह्याच वर्षी तिकडे हुगळीत विल्यम हर्शेल नावाचा मॅजिस्ट्रेट नोंदणीच्या दस्तांवर बोटांचे ठसे घ्यायला लागला आहे. नांगर कुणालाही काढता येतो, बोट ज्याचं त्याचंच. तुमचा डावा अंगठा वर काचेवर दाबावा लागणार आहे, त्याची वाट तिथून निघाली.

तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघता. मोडी येत नसली तरी अर्जनवीस वाचतो ते ऐकू येतं. "पूर्वेस पांदण."

यापुढे पायरी नाही. साखळी इथे संपते, कारण याच्याआधी नागपूर राज्यात शेत विकायचा हक्क कास्तकाराला जवळजवळ नव्हताच. विकली जायची ती घरं. म्हणून पांदण सोडून परत महालात या, तिसऱ्या रघुजींच्या काळात, 1845 च्या सुमारास. एका घराचा सौदा आहे. कारकून लिहितो, शेजारी जमले आहेत. पूर्वेला अमक्याची भिंत, पश्चिमेला तमक्याची पडवी. ज्याची भिंत तोच साक्षीदार, त्याच्याइतकं चांगलं कुणाला माहीत? जुन्या महजरांवर, म्हणजे सभेच्या निवाडापत्रांवर, अशा निशाण्या दिसतात: पाटलाचा नांगर, शेटेमहाजनाची तागडी, न्हाव्याचा आरसा. गाव म्हणजेच नोंदवही. ती प्रेमळ असते, पण परक्याला ती वाचता येत नाही, आणि भांडण झालं की तिची पानं बोलायची थांबतात. लिहिलेला एकच कागद घेणाऱ्याच्या रुमालात बांधला जातो. रुमालाला आग लागली, वाळवी लागली, की संपलं. 11 डिसेंबर 1853 ला हे रघुजी वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, आणि राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे लिलावात निघाले. खुद्द राजघराण्याच्या हक्काची ही गत.

आता एक लांब उडी. रामटेकजवळचं नगरधन, त्या काळचं नंदिवर्धन. पाचवं शतक. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, लहान मुलाच्या नावाने कारभार बघते आहे. तांब्याच्या पत्र्यावर छिन्नी चालते आहे, टक्, टक्. आचार्य चनालस्वामीला दंगुण गाव दान दिलं जात आहे. कोणतं दंगुण? विलवणकाच्या पूर्वेचं, शीर्षग्रामाच्या दक्षिणेचं, कदापिंजनाच्या पश्चिमेचं, सिदिविवरकाच्या उत्तरेचं. चतुःसीमा! पंधराशे वर्षांनी नागपूरचेच वा. वि. मिराशी याच चार नावांवरून गाव शोधत जातील आणि दंगुण म्हणजे आजचं हिंगणघाट असं सांगतील. वंश, पराक्रम, पुण्य, शाप असा सगळा मजकूर पत्र्यावर आहे. पण जमीन सापडली ती चार सीमांनी.

आणि हा पत्रा विसाव्या शतकात सापडला कुठे? मूळच्या अहमदनगरच्या एका तांबट घराण्याकडे, पुण्यात. म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. तांबटाच्या घरात! भट्टीत गेला असता तर आज कुणाच्या तरी माजघरात घंगाळ झालं असतं, आणि दंगुणच्या चार सीमा त्यात वितळून गेल्या असत्या. दुसरी नक्कल कुठेच नव्हती.

वर चला.

कूलरचा आवाज. बावीस नंबर झाला, तुमचा तेवीस. ऑपरेटरने बोटांचा स्कॅनर पुसून तुमच्याकडे वळवला आहे. शाई आता लागत नाही, काचेवर हिरवा प्रकाश पडतो. बाहेरच्या भिंतीवर नोंदणी फीचा फलक आहे: एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. तुमचे साक्षीदार शेजारच्या खुर्च्यांवर येऊन बसले आहेत. तुमची बायको पर्समधून चष्मा काढून तुमच्या हातात देते. तुम्ही तो लावता आणि कागद उजेडाकडे धरता.

पूर्वेस: लागून असलेला प्लॉट.

पश्चिमेस: रस्ता.

तुम्ही मानेवाड्याला किती वेळा गेलात? सकाळी गेलात तेव्हा रस्त्याच्या बाजूने ऊन तोंडावर यायचं. परत निघताना डोळ्यांवर हात धरून तुम्ही फाटक उघडलं होतंत. तो रस्ता आज डांबरी आहे, कडेला नाली आहे, कोपऱ्यावर पोह्याचा ठेला आहे. चुन्याच्या रेघांच्या टोकाला त्याला दोन चाकोऱ्या होत्या आणि मधे गवत.

"थांबा, भाऊ," तुम्ही म्हणता. "हे उलटं झालंय."

"काय झालं, काका?"

"पूर्व-पश्चिम. रस्ता पूर्वेला आहे."

तो विक्रीपत्र पुढे ओढतो, पान उलटतो. "मूळ दस्तात बरोबर आहे. एंट्रीत चुकलं." मागे कुणीतरी सुस्कारा सोडतं. तो बॅकस्पेस दाबतो. पडद्यावरची ओळ एकेक अक्षराने पुसली जाते, आणि तिच्या जागी तो लिहितो: पूर्वेस रस्ता.

"आता वाचून पाहा."

तुम्ही बोट ठेवून, मोठ्याने वाचायला लागता.